वेलीला कात्री लावायच्या आधी: क्लेमॅटिस, संक्रांतवेल आणि द्राक्षाची काडी

वेल हिरवीगार आहे, अख्खी भिंत भरून गेलीय, पानं तर इतकी की भिंतीचा रंग दिसंना, पण फूल म्हणून एक नाही. ज्याच्या घरी वेल आहे त्याच्याकडून ही तक्रार कधी ना कधी ऐकायला मिळतेच. मग पहिला संशय खतावर जातो, कुणी डीएपीचे दाणे टाकतं, कुणी शेणखताची पाटी ओततं, कुणी नर्सरीवाल्याला बोल लावतं की यानं जातच चुकीची दिली. बऱ्याच वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. वेल बरी असते, माती बरी असते, फक्त फुलं ज्या काड्यांवर येणार होती त्या काड्या आपणच दोन-तीन महिने आधी कापून घंटागाडीत टाकलेल्या असतेत.

आपल्याकडं वेल कधी कापायची हे ठरवतं कोण, तर दिवाळी. घराला रंग द्यायचा, जाळ्या काढायच्या, माळे आवरायचे, त्याच झपाट्यात अंगणातली वेल पण "जरा आवरून घ्या" म्हणून कापली जाते. लातूरला आमच्या गल्लीत एका काकूंच्या गेटवर संक्रांतवेल आहे, नारंगी फुलांची, थंडीत फुलली की पानं झाकून जातात. त्यांनी मला गेटवर थांबवून विचारलं, "तू लई झाडाझुडपाचं करतोस ना, सांग बरं, ही का रुसलीय?"

"काकू, कापली कधी होती?"

"दिवाळीच्या आधी. दरवर्षीच कापतोत की, रंगवाल्याला शिडी लावायला जागा नको का?"

तिथंच उत्तर होतं. संक्रांतवेल जानेवारीच्या आसपास फुलते, आणि पावसाळाभर ज्या लांब लांब काड्या वाढलेल्या असतात त्यांच्या शेंड्यांना तिचे घोस लागतात. ऑक्टोबरात शेंडे उडवले तर घोस कशावर लागणार? नवीन फूट येते, पण तिला घोस धरायला वेळच उरत नाही, तोवर संक्रांत निघून जाते. काकू आता फुलं गळाली की फेब्रुवारीत कापतेत आणि रंगवाल्याला शिडी पलीकडून लावायला सांगतेत.

तर सगळा विषय एवढाच आहे बघा, फूल कुठल्या काडीवर येतं. मागच्या हंगामात वाढलेल्या जुन्या काडीवर, का आत्ता नव्यानं फुटलेल्या कोवळ्या फांदीवर. हे कळलं की कधी कापायचं, किती कापायचं, काय सोडायचं हे सगळं आपोआप सुटतं. आणि हे समजून घ्यायला सगळ्यात चांगली वेल म्हणजे क्लेमॅटिस, कारण तिच्या छाटणीचे सरळ तीन गट पाडलेलेत आणि जगभरचे बागकाम करणारे लोक त्या गटांवरूनच बोलतेत. आजकाल तिचे फोटो बघून बरेच जण ऑनलाइन रोपं मागवायलेत, जांभळी, गुलाबी, बशीएवढी फुलं, मोह पडतोच. पण रोपासोबत जी चिठ्ठी येते तिच्यावर लिहिलेलं असतं "गट ३, फेब्रुवारीत छाटा", आणि माणूस चक्रावून जातो की हे गट काय आणि फेब्रुवारी कुणाचा, त्यांचा का आपला.

आधी द्राक्ष घेऊ, कारण मराठवाड्यात हे समजवायला द्राक्षाइतकं सोपं काही नाही. औसा, तुळजापूर पट्ट्यात किंवा जालन्याच्या कडवंचीत कुठल्याही बागायतदाराला विचारा, वर्षातनं दोनदा छाटणी का करता? एप्रिलात खरड छाटणी असते. ओलांड्यावरच्या, म्हणजे मांडवावर आडव्या वाढवलेल्या जाड फांद्यांवरच्या, काड्या एखादा डोळा (जिथनं नवी फूट येते तो कोंब) ठेवून खरडून टाकतेत, बाग उघडीबोडकी दिसते. त्या डोळ्यांतनं नव्या काड्या फुटतेत आणि छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात, ऐन उन्हाळ्यात, त्या नव्या काडीच्या डोळ्यांच्या आत सूक्ष्म घड तयार व्हायला लागतो. बाहेरून काहीही दिसत नाही, डोळा डोळ्यासारखाच दिसतो. याच काळात ढगाळ हवा राहिली, ऊन मिळालं नाही, की घड कमी धरतेत आणि शेतकऱ्याला ते कळतं चार-पाच महिन्यांनी. मग ऑक्टोबर छाटणीत त्या पिकलेल्या काडीवर घड असलेल्या डोळ्याच्या जरा पुढं कात्री मारायची, तो डोळा फुटतो आणि घड बाहेर येतो. कितीतरी बागायतदार ऑक्टोबर छाटणीच्या आधी काड्या लॅबला देऊन डोळे तपासून घेतेत, कितव्या डोळ्यात घड आहे ते बघतेत आणि मग कुठं कापायचं ते ठरवतेत. कारण त्या डोळ्याच्या मागं कात्री गेली तर बाग हिरवीगार होईल आणि घड लागणार नाही.

आता वाक्यातलं द्राक्ष काढा आणि तिथं वेल ठेवा. दिसणारं फूल काही वेलींमध्ये महिनोन् महिने आधी डोळ्यात ठरून बसलेलं असतं. अशा वेलीला फुलायच्या आधी कापलं की संपलं. दुसऱ्या प्रकारच्या वेली तशा नसतात, त्यांचं फूल त्याच हंगामात फुटलेल्या फांदीवर येतं, त्यांना जितकं कापाल तितकी फूट जास्त आणि फूट जास्त म्हणजे फुलं जास्त, त्यांना न कापणं हाच अन्याय.

क्लेमॅटिस ही एकच वेल नाही, जवळपास ३०० प्रजातींचं मोठं खानदान आहे. काही तर आपल्याच देशातल्या. आपल्या सह्याद्रीतली मोरवेल ही क्लेमॅटिसच, पांढऱ्या नाजूक फुलांची, फुलं गेली की बियांना पिसांसारख्या शेपट्या येतात आणि वाऱ्यावर उडतात. हिमालयातली मोंटाना नावाची क्लेमॅटिस १८३१ साली लेडी ॲमहर्स्टनं इंग्लंडला नेली, ती गव्हर्नर जनरलची बायको, आणि आज तिकडच्या कितीतरी घरांच्या भिंतींवर ही आपल्या डोंगरातली वेल चढलेली दिसते. मला हे वाचलं की दरवेळी वाटतं, आपण तिकडच्या संकरित जातींसाठी पैसे मोजतोत आणि आपल्या मोरवेलीचं बी कुणी गोळा करत नाही.

तिची चढायची पद्धत वेगळी आहे, तेवढी लक्षात ठेवा कारण तिथंच पहिली गडबड होते. काकडी-भोपळ्याला जसे दोरे फुटतेत तसे हिला नसतात. हिच्या पानाचा देठच आधाराला गुंडाळतो. आता पानाचा देठ केवढासा, तो दोन इंची पाइपाला काय गुंडाळणार? त्यामुळं जाड खांब, पीव्हीसी पाइप, गेटचा चौकोनी बार हे हिच्या कामाचं नाही. बारीक तार, मासे धरायच्या जाळ्यासारखी नायलॉनची जाळी, नाहीतर साधी सुतळी उभी बांधून द्या. पाइप असेलच तर त्याच्याभोवती जाळी गुंडाळा.

बरं, तीन गट.

पहिला गट लवकर फुलणारा, तिकडच्या वसंताच्या सुरुवातीला. मोंटाना, अल्पिना, आर्मंडी वगैरे. फुलं मागच्या वर्षीच्या काडीवर येतात. म्हणून यांना फुलं गळाली की लगेच हलकं आवरायचं, वाळलेलं काढायचं, फार पसरली असेल तर तेवढं आखडायचं, बास. थंडीत हात लावायचा नाही. आपली संक्रांतवेल याच तऱ्हेची, महिना वेगळा पण तर्क तोच.

दुसरा गट मोठ्या फुलांचा, फोटोत बघून जीव जातो ती सगळी बहुतेक यातली. नेली मोझर ही १८९७ ची फ्रान्समधली जात, फिकट गुलाबी पाकळी आणि मधोमध गडद पट्टा, किंवा द प्रेसिडेंट ही जांभळी. यांचं वागणं हुबेहूब द्राक्षासारखं आहे. मागच्या वर्षीच्या काडीवरचा डोळा फुटतो, त्यातनं आखूड नवी फांदी येते आणि तिच्या टोकाला मोठं फूल लागतं. नंतर हंगामाच्या शेवटी नव्या वाढीवर पुन्हा थोडी फुलं येतात, ती आकारानं लहान. त्यामुळं याला थंडी सरता सरता अगदी हलक्या हातानं कापायचं, शेंड्याकडून खाली येत येत जिथं पहिली टपोरी डोळ्यांची जोडी दिसेल तिच्या वर कात्री मारायची आणि थांबायचं. या गटाला जमिनीपासनं कापलं तर वेल मरत नाही, पण त्या वर्षीची मोठी फुलं गेली.

तिसरा गट उशिरा फुलणारा. विटिसेला जाती, आणि जॅकमनी, जी इंग्लंडमधल्या वोकिंगच्या जॅकमन नर्सरीत १८५८ च्या सुमारास संकरातनं तयार झाली. यांची फुलं पूर्णपणे नव्या फांदीवर येतात. यांना सरळ जमिनीपासून फूटभर उंचीवर कापायचं, सगळ्याच्या सगळ्या काड्या, मनात दयामाया न आणता. न कापता सोडली तर काय होतं, नवी फूट जुन्या काडीच्या टोकाला येते, दरवर्षी फूल वर वर सरकत जातं, खाली नुसती वाळकी काटकुळी जाळी राहते आणि फुलं बघायला गच्चीवर जावं लागतं. मधुमालती वर्षानुवर्षं न कापलेल्या घरांत हेच चित्र दिसतं, फुलं दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला आणि खाली मालकाला पालापाचोळा.

पहिल्या वर्षीचा नियम मात्र तिन्ही गटांना सारखा आहे, नवीन लावलेलं रोप पहिल्या छाटणीच्या वेळी फूटभरावर कापायचं. तिथं माणूस कचरतो. एवढं महाग रोप, एकच काडी, तीही कापायची? पण एकच काडी ठेवली तर ती सुतासारखी सरळ वर जाते आणि बुडाशी काही राहत नाही. शेंड्याची वाढ सुरू असते तोवर शेंडा एक संप्रेरक खाली सोडत राहतो, ऑक्सिन म्हणतेत त्याला, आणि ते खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा उडवला की खालचे डोळे जागे होतात. क्लेमॅटिसला पानं समोरासमोर जोडीनं येतात, म्हणजे प्रत्येक पेराला दोन डोळे, म्हणून एका कापात दोन फांद्या मिळतात. पुढच्या वर्षी दोनाच्या चार. मोगऱ्याचा शेंडा खुडल्यावर झुडूप भरतं त्याचं कारण पण हेच.

आता मराठवाड्याचं. इथं खरं सांगायला पाहिजे, क्लेमॅटिस ही थंड हवेची वेल आहे. आपल्याकडं परभणीला थंडीच्या लाटेत रात्रीचा पारा १० च्या बराच खाली जातो हे खरं, पण दुपारी पुन्हा २८-३० असतं, आणि मे महिन्यात ४२-४३. त्यामुळं मोंटानासारख्या पहिल्या गटातल्या वेलीवर पैसे घालवू नका, तिला लागते तशी सलग थंडी आपल्याकडं नाही. हौस असेल तर तिसरा गट घ्या, विटिसेला किंवा जॅकमनी. एक तर या काटक असतात, आणि दुसरं म्हणजे उन्हाळ्यात वरची वेल करपली तरी फुलं नव्या फुटीवर येणार असल्यामुळं काही बिघडत नाही, मूळ जिवंत ठेवलं की झालं. दुसऱ्या गटाची जुनी काडी मे महिन्यात वाळली की पुढच्या वर्षीचं मोठं फूल पण तिच्यासोबत गेलं.

चिठ्ठीवरचा फेब्रुवारी हा इंग्लंडचा आहे. तिकडं तेव्हा थंडी सरत आलेली असते आणि डोळे फुगायला लागतेत, म्हणून फेब्रुवारीचा शेवट ते मार्च. आपल्याकडं संक्रांतीनंतर ऊन चढायला लागतं, डोळे तेव्हाच हलतेत, मग आपली छाटणी जानेवारीच्या उत्तरार्धात. कॅलेंडर बघण्यापेक्षा डोळे बघा. पेरापाशी हिरवट-तांबूस टपोरं बोंड दिसायला लागलं की वेळ झाली. फेब्रुवारी संपेपर्यंत वाट बघितली तर नवी कोवळी फूट नेमकी मार्च-एप्रिलच्या झळांत सापडते.

अजून एक, थंडीत क्लेमॅटिस पूर्ण मेल्यासारखी दिसते. तपकिरी, ठिसूळ, सालपटं निघालेली काडी. कुरियरनं आलेलं रोप पण तसलंच असतं, कुंडीत नुसती काडी, आणि लोक फसवलं म्हणून फेकून देतेत. फेकायच्या आधी नखानं साल जराशी खरवडून बघा. आत हिरवं ओलसर दिसलं तर जिवंत आहे. तपकिरी, कोरडं असलं तर अजून वीतभर खाली खरवडा. अगदी बुडाशी हिरवं लागलं तरी चालतं, तिथनं फुटते. आणि काडी वाकवून बघायच्या भानगडीत पडू नका, जिवंत असली तरी मोडते, फार ठिसूळ असते.

आता आपल्या घरोघरच्या वेली त्याच चष्म्यातनं बघू, कारण क्लेमॅटिस दहा घरांत नसेल पण मधुमालती, जाई-जुई, बोगनवेल प्रत्येक कॉलनीत आहे.

मोगरा, जाई, जुई ही सगळी नव्या फुटीवर फुलणारी. मोगऱ्याचं पाणी डिसेंबरात तोडायचं, थोडे दिवस तहानलेला ठेवायचा, मग दीड फुटावर सगळ्या फांद्या छाटून पानं काढून शेणखत देऊन पाणी सुरू करायचं, फेब्रुवारी-मार्चपासून कळ्या. जाई-जुईची छाटणी जानेवारीच्या शेवटी. यांच्या बाबतीत आपले लोक फार भितेत, दोन-चार शेंडे कातरून सोडून देतेत आणि मग फुलं कमी म्हणून रडतेत. निम्म्यापेक्षा जास्त कापा, काही होत नाही.

मधुमालती पण नव्या फुटीवरचीच, रात्री पांढरी उमलते, मग गुलाबी, मग लाल. हिला फेब्रुवारीत कडक कापलं तरी पावसाळ्यात मांडव भरते. दिवाळीत कापली तरी फार नुकसान नाही, म्हणून तर लोकांना वाटतं सगळ्याच वेली दिवाळीत कापायच्या असतेत. एका वेलीला चाललं म्हणून दुसरीला पण चालेल असं नसतं.

बोगनवेलीचं जरा निराळं. तिचा रंगीत भाग म्हणजे फूल नव्हेच, ती रंगीत पानं, खरं फूल म्हणजे आत जी बारकी पांढरी नळी असते ती. क्लेमॅटिसच्या रंगीत "पाकळ्या" पण तशाच पाकळ्या नसतात बरं का, ती निदलं असतात, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी पानं. बोगनवेल नव्या फुटीवर फुलते, पण तिला पाण्याचा ताण लागतो. रोज पाणी घातलेली बोगनवेल नुसती वाढत राहते. एका बहरानंतर फांद्या आखडून घ्या, नवी फूट वीतभर झाली की पाणी कमी करा, रंग येतो. दुष्काळी भागात हिच्याएवढी इमानदार वेल दुसरी नाही.

कुंद थंडीत फुलतो, त्यामुळं त्याला दिवाळीत हात लावायचा नाही, फुलं संपल्यावर कापा. पेट्रिया ती निळ्या-जांभळ्या घोसांची, फेब्रुवारी-मार्चला फुलते, तिला पण फुलं झाल्यावरच. गोकर्ण, कृष्णकमळ नव्या वाढीवर, कधीही आवरा.

कापायचं कसं, तर सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार पाहिजे, एवढं एकच मी हट्टानं सांगेन. बोथट कात्रीनं काडी कापली जात नाही, चेंगरते, साल फाटते आणि तिथनं बुरशी शिरते. भाजीच्या कात्रीनं, विळीनं, नाहीतर हातानं ओढून तोडू नका. क्लेमॅटिस, जाई, मधुमालती यांची पानं समोरासमोर असतात, तिथं डोळ्यांच्या जोडीच्या वर अर्ध्या सेंटिमीटरवर सरळ आडवा काप घ्यायचा, तिरका घेतला तर एका बाजूचा डोळा कापला जातो. बोगनवेल, द्राक्ष यांचे डोळे आळीपाळीनं, तिथं जरासा तिरका, उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाण्याचा थेंब डोळ्यावर येत नाही. डोळ्याच्या वर लांब खुंट ठेवला तर तो वाळतो आणि वाळवण खाली सरकत येते. एका वेलीवरनं दुसऱ्या वेलीवर जाताना पातं स्पिरिटनं पुसून घ्या.

जाड फांदी कापली असेल तर बोर्डो पेस्ट लावा, द्राक्षवाल्या प्रत्येक घरात ही माहिती असते. घरच्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना आणि एक लिटर पाणी पुरतं. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात अर्ध्या अर्ध्या पाण्यात कालवायचे आणि मग एकत्र करायचे, लोखंडाची, पत्र्याची बादली वापरायची नाही. झालं की घासलेला लोखंडी खिळा त्यात बुडवून काढा. खिळ्यावर तांबूस थर चढला म्हणजे मोरचूद मोकळा राहिलाय, सालीला भाजेल, अजून थोडी चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा खिळा बुडवा. खिळा तसाच चकचकीत निघाला की ब्रशनं लावा, त्याच दिवशी, उद्यासाठी ठेवू नका. बोटाएवढ्या बारीक काड्यांना हे काही लावायची गरज नाही.

क्लेमॅटिस कापताना हातमोजे घाला. तिचा रस अंगाला लागला तर काहींना आग होते, पुरळ येतं, पोटात गेला तर त्रास होतो. कापलेला पाला शेळीपुढं टाकू नका. आपल्याकडं कापलेला कुठलाही हिरवा पाला शेळीला घालायची सवय आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

लावायचं म्हणाल तर खोल लावा. इतर रोपं कुंडीतल्या मातीच्या पातळीला लावतेत, ही दोन-अडीच इंच जास्त खोल, म्हणजे बुडाचे एक-दोन डोळे मातीखाली जातेत. का, तर मोठ्या फुलांच्या जातींवर एक बुरशीजन्य मर रोग येतो, चांगली वाढत असलेली फांदी अचानक मान टाकते, देठ आणि पानाच्या शिरा काळ्या पडतेत. अशा वेळी रोगट फांदी निरोगी भागापर्यंत, गरज पडली तर पार जमिनीपर्यंत कापायची, पाला खतात न टाकता जाळायचा किंवा लांब फेकायचा, आणि मातीखालच्या डोळ्यांतनं वेल पुन्हा येते. पण आपल्याकडं मान टाकली म्हणजे मरच असं नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारी तीनला कुठली वेल मान टाकत नाही? संध्याकाळी बघा. उभी राहिली तर ऊन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पण तशीच लोंबत असेल तर बोट मातीखाली घालून बघा, चिखल असेल तर मुळं कुजायलीत, पाणी बंद करा, ओल ठीक असेल आणि शिरा काळ्या असतील तर मग कात्री.

मूळ गार आणि शेंडा उन्हात, ही हिची मागणी. इंग्लंडमध्ये मुळावर एक दगड ठेवून भागतं, आपल्याकडं नाही भागत, दगडच तापतो. पूर्वेच्या भिंतीला लावा जिथं सकाळचं ऊन मिळतं आणि अकरानंतर सावली येते. पश्चिमेची भिंत तर बिलकुल नको, ती रात्री दहापर्यंत गरम असते, हात लावून बघा. कुंडी कमीत कमी १८ इंच खोल, मातीची, आणि तिच्यासमोर दुसऱ्या झाडाची कुंडी ठेवा म्हणजे हिच्या कुंडीवर ऊन पडत नाही. वरून उसाचं पाचट नाहीतर सोयाबीनचं भुसकट चांगलं चार बोटं पसरा, खोडाला चिकटू न देता. हे पाचट मी कुठल्याही महागड्या खतापेक्षा वर ठेवतो. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं कुंडीतली ओल एक दिवस जास्त टिकली तरी ती मोठी गोष्ट आहे, आणि पाचट नेमकं तेच करतं.

नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ती पावसाळ्यात चिकट होते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतेत आणि भेगांत बारीक मुळं तुटतेत. पोयटा, कुजलेलं शेणखत, जाड वाळू असं सैल मिश्रण करा. हिला चुनखडीची माती चालते हा आपला फायदा, पण बोअरचं जड पाणी सतत घातलं की क्षार साचतेत, कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो तो तोच. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोह कमी पडलंय, जमिनीत लोह असतं पण अशा मातीत ते मुळाला घेता येत नाही. चिलेटेड, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा, लोहाची फवारणी करा, आणि पावसाळ्यात गच्चीचं पाणी सोडून कुंडी धुवून निघू द्या. चुलीची राख घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आपली माती आधीच विम्ल (अल्कलाइन) आहे, राखेनं ते अजून वाढतं. युरियाचं पण तसंच, पानं माजतेत आणि फूल मागं पडतं.

जुन्या, वर्षानुवर्षं न कापलेल्या गुंत्याचं काय करायचं हे बरेच जण विचारतेत. नव्या फुटीवरची असेल तर एका झटक्यात कापा. जुन्या काडीवरची असेल तर तीन वर्षांत काम वाटून घ्या, दरवर्षी फुलं झाल्यावर सगळ्यात जुन्या, जाड अशा एक तृतीयांश फांद्या बुडापासून काढायच्या, म्हणजे बाकीच्यांवर फूल येत राहतं आणि बुडातनं तरुण काड्या तयार होतात. गुंत्यातनं फांदी ओढून काढू नका, आतल्या आत तुकडे करून सोडून द्या, आठवड्यात तुकडे वाळतेत, मग झटकले की पडतेत.

आणि वेल कुठली आहे हेच माहीत नसेल, भाड्याच्या घरात आधीपासनं आहे, कुणी नाव सांगत नाही, तर एक वर्ष कात्री बाजूला ठेवा. जून-जुलैत जी नवी हिरवी फूट येईल तिच्यातल्या पाच-सहा फांद्यांना बुडाशी रंगीत लोकरीचा धागा सैल बांधा, घट्ट बांधला तर फांदी फुगल्यावर काचतो. फुलं आली की बघा, धागा बांधलेल्या हिरव्या फांदीवर त्याच पावसाळ्यात आलीत, का ती फांदी तपकिरी, टणक झाल्यावर थंडीत-उन्हाळ्यात आलीत. पहिलं असेल तर जानेवारीत बिनधास्त कापा. दुसरं असेल तर फुलं गळेपर्यंत थांबा आणि मग कापा, आणि दिवाळीला रंगवाला आला की वेल तारेसकट भिंतीवरून सोडवून बाजूला बांधून ठेवायला सांगा.